पुण्यात जुना बंगला घ्यायचाय? आधी वारस मोजा, मग खोल्या

प्रभात रस्ता, भांडारकर रस्ता, एरंडवणे, मॉडेल कॉलनी, पलीकडे मुकुंदनगर आणि सहकारनगर. या भागांत अजून काही जुने बंगले तग धरून आहेत. काळ्या दगडाचं जोतं, पुढे पोर्च, आत मोझॅकची फरशी, मागे विहीर किंवा निदान तिचा बुजवलेला गोल, अंगणात आंबा, बकुळ, एखादं उंच बुचाचं झाड. फाटकावर ‘विकणे आहे’ अशी पाटी सहसा लागत नाही. बातमी नात्यातून, वकिलाकडून किंवा एजंटकडून कळते आणि तुम्हाला कळेपर्यंत एक-दोन बिल्डर चहा पिऊन गेलेले असतात.

असं घर राहण्यासाठी घ्यायचं ज्यांच्या मनात आहे आणि ज्यांनी आजवर फक्त फ्लॅटचे व्यवहार पाहिलेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. पाडून इमारत उठवायची असेल तर तुमचा हिशेब वेगळा, तो इथे नाही.

फ्लॅट घेताना बिल्डर असतो, रेराची नोंदणी असते, सोसायटी असते. इथे समोर एक कुटुंब असतं. बांधणारे आजोबा केव्हाच गेलेले, मुलं सत्तरीत, नातवंडं निम्मी परदेशात. माझ्या मते अशा व्यवहारात घर विकत मिळणं सोपं असतं, त्या कुटुंबाचं एकमत मिळणं अवघड. म्हणून पायऱ्याही त्याच क्रमाने मांडतोय. घराची तपासणी मुद्दाम मागे ठेवली आहे.

१. किंमत कशाची आहे ते आधी ओळखा

बंगल्याची किंमत म्हणजे प्लॉटची किंमत. विक्रेता सागवानी दारं, झोपाळा, गच्चीवरची हवा यांबद्दल भरभरून बोलेल. ते खरंही असेल. पण आकडा निघतो तो या प्लॉटवर बिल्डरला किती चौरस फूट बांधता येईल यावरून. उभं घर त्या हिशेबात जवळजवळ शून्य धरलं जातं, कधी कधी तर पाडण्याचा खर्च वजा होतो.

म्हणून भाव विचारण्याआधी टेप घेऊन समोरचा रस्ता मोजा. राज्यात २०२० साली आलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत बांधकामाची मुभा रस्त्याच्या रुंदीला बांधलेली आहे. सर्वसाधारणपणे ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर, म्हणजे दुसरीकडून विकत आणलेला बांधकामाचा हक्क, चढवता येत नाही. म्हणजे गल्लीच्या टोकाला, अरुंद बोळात असलेल्या बंगल्यात बिल्डरचा रस कमी होतो. राहण्यासाठी घेणाऱ्याने अशीच घरं शोधावीत. गाडी वळवायला त्रास होईल, पण दर बरा मिळेल आणि गल्ली शांत राहील.

वरचा खर्चही आधीच मांडून ठेवा. पुणे शहरात सध्या मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्था अधिभार आणि मेट्रो अधिभार मिळून ७ टक्के भरावे लागतात. खरेदीदार फक्त महिला असतील तर घरासाठी १ टक्का सवलत मिळते. नवरा-बायकोच्या जोडनावाला ती मिळत नाही. नोंदणी फी १ टक्का, पण ३०,००० रुपयांच्या वर जात नाही. समजा व्यवहार ८ कोटींचा आहे. ७ टक्क्यांचे ५६ लाख झाले, आणि यातला एक रुपयाही कर्जातून मिळत नाही. शुल्क रेडी रेकनरचा (सरकारने ठरवलेला) दर आणि ठरलेली किंमत यांतल्या मोठ्या आकड्यावर लागतं.

कर्ज काढणार असाल तर बँकेच्या मूल्यांककाला घर दाखवण्याआधी मंजूर नकाशा आहे का ते पाहा. नकाशा नसेल किंवा ‘इमारतीचं उरलेलं आयुष्य’ तुमच्या हप्त्यांच्या मुदतीपेक्षा कमी निघालं तर बँक हात आखडता घेते.

२. वारसांचा तक्ता

पहिल्या भेटीत एक कोरा कागद घ्या आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या व्यक्तीला विचारा, “काका, हे घर कोणाच्या नावावर घेतलं होतं? त्यांना मुलं किती?” मुली धरून, असं स्पष्ट विचारा. कारण उत्तर बऱ्याचदा असं येतं, “आम्ही तिघे भाऊ.” मग चहा येतो, आणि कपबशी ठेवता ठेवता काकू सहज बोलून जातात, “आणि सोलापूरच्या ताई.”

त्या ताईंची सही लागते. यात लोकांचा एक ठाम गैरसमज आहे की मुलींना हक्क २००५ साली मिळाला, त्याआधीचं काही असेल तर प्रश्न येत नाही. २००५ ची दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र मिळकतीबद्दल होती. आजोबांनी स्वतःच्या पगारातून बांधलेलं घर ही त्यांची स्वकष्टार्जित मिळकत. असे आजोबा १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर मृत्युपत्र न करता गेले असतील, तर पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई, सगळ्यांचा हिस्सा सारखा. लग्न झालं, माहेर सुटलं, ‘ती काही मागत नाही’, याने तो कमी होत नाही. न मागणाऱ्या ताईंनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावं, नाहीतर खरेदीखतावर विक्रेती म्हणून सही करावी. (कुटुंब पारशी, ख्रिस्ती किंवा मुस्लिम असेल तर वारसाचे नियम वेगळे. तिथे सुरुवातच वकिलाकडून करा.)

तक्ता काढताना या जागी जरा थांबा:

– वारलेला मुलगा किंवा मुलगी. त्यांची मुलं आणि मुलाची विधवा पत्नी यांचा हिस्सा त्या जागी येतो. परक्या गावी राहणारी ही मंडळी कुटुंबाच्या बोलण्यात येतच नाहीत.

– अज्ञान वारस. अठरा वर्षांखालील मुलाचा स्वतंत्र हिस्सा विकायला पालकाला न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. आईने सही केली म्हणून भागत नाही.

– मृत्युपत्र. पुण्यातल्या मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे न्यायालयाचं शिक्कामोर्तब, सक्तीचं नाही, पण दोन साक्षीदार हवेत आणि मजकूर स्वतः वाचायला हवा. जुन्या मृत्युपत्रांत एक वाक्य हमखास असतं, ‘माझ्या पत्नीस सदर घरात तहहयात राहण्याचा हक्क राहील.’ आजी हयात असतील तर त्यांच्या सहीशिवाय पुढे पाऊल टाकू नका. आणि सही घेण्याआधी त्यांच्याशी स्वतः बोला. घर विकलं जातंय हे त्यांना माहीत आहे ना, एवढं तरी कळेल.

– परदेशातला भाऊ. तो कुलमुखत्यारपत्र पाठवतो. ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित झालेलं किंवा अपोस्टिल (त्या देशाच्या सरकारने प्रमाणित) केलेलं असावं, आणि इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरलेलं असावं. मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती वारली की ते संपतं. म्हणून सहीच्या आदल्या दिवशी त्या भावाशी व्हिडिओ कॉल करा. विक्रीला तो राजी आहे हे त्याच्या तोंडून ऐका आणि तसं ईमेलही मागून घ्या. यात कोणाचा अपमान होत नाही. समजूतदार कुटुंबं तर स्वतःहून कॉल लावून देतात.

तक्ता पूर्ण झाला की मोजा. पाचपेक्षा जास्त सह्या लागणार असतील तर एक अट घाला, की त्यांनी आपसांत हक्कसोडपत्रं करून विकणारे एक-दोनच ठेवावेत. हे काम त्यांनी त्यांच्या वेळात आणि त्यांच्या खर्चात करावं. तोवर विसार देऊ नका. कुटुंबातला जुना रुसवा निघणार असेल तर तो इथेच निघतो, आणि तुमचे पैसे अडकण्याआधी निघालेला बरा.

३. कागद

पुण्यातल्या जुन्या वस्तीत सातबारा सहसा उपयोगाचा नसतो. इथे मिळकत पत्रिका लागते, बोलीत प्रॉपर्टी कार्ड. डिजिटल सहीचं कार्ड महाभूमीच्या संकेतस्थळावरून काढता येतं. पण नगर भूमापन कार्यालयातून जुन्या हस्तलिखित कार्डाची नक्कलही घ्या, कारण गोष्ट त्यात असते. वरून खाली नावं वाचत या. कंसात गेलेलं नाव म्हणजे कमी झालेलं नाव, आणि ते कोणत्या फेरफाराने, म्हणजे नोंदीतल्या बदलाने, कमी झालं ते शेजारी लिहिलेलं असतं. प्रत्येक कंसामागचा कागद मागा. सत्ताप्रकाराच्या रकान्यात जागा भाडेपट्ट्याची आहे का ते कळतं. ‘इतर भार’ या रकान्यात बँकेचा किंवा कोर्टाचा बोजा असू शकतो.

मात्र कार्डावर नाव आहे म्हणून मालकी सिद्ध होत नाही. ती नोंद महसुलासाठी असते. मालकी ठरते मूळ दस्तांवरून, म्हणजे खरेदीखत, वाटपपत्र, बक्षीसपत्र, मृत्युपत्र. एक मूळ कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हलू नका, तो म्हणजे आजोबांचं खरेदीखत. “असेल कुठेतरी लॉकरमध्ये” हे उत्तर चालणार नाही. मूळ खरेदीखत बँकेकडे गहाण ठेवून कोणी धंद्यासाठी कर्ज उचललेलं असू शकतं आणि बाकीच्या भावंडांना त्याचा पत्ताही नसतो.

एरंडवणे-डेक्कन भागात नगररचना योजनेमुळे एकाच जागेला दोन ओळखी असतात, फायनल प्लॉट नंबर आणि सिटी सर्व्हे नंबर. जुन्या खरेदीखतात कदाचित तिसराच, मूळ सर्व्हे नंबर असेल. तिन्ही एकाच जमिनीचे आहेत हे नकाशावर जुळवून घ्या. क्षेत्रफळही ताडून पाहा. खत चौरस फुटांत बोलतं, कार्ड चौरस मीटरमध्ये. ५,००० चौरस फूट म्हणजे साधारण ४६५ चौरस मीटर. खतात ४६५ आणि कार्डावर ४३० दिसले तर मधले ३५ चौरस मीटर रस्तारुंदीत गेले की शेजाऱ्याच्या भिंतीत, हे शोधायला हवं. त्यासाठी सरकारी मोजणीचा अर्ज विक्रेत्याकडूनच करून घ्या. जुनी कुंपणं हद्दीवर असतातच असं नाही.

शोध अहवाल, म्हणजे मिळकतीच्या जुन्या दस्तांची छाननी, वकील करतात. रिवाज ३० वर्षांचा आहे, पण बंगल्यासाठी मूळ खरेदीपर्यंत मागे जायला सांगा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर १९८५ पासूनची सूची दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्तांचा गोषवारा, पाहता येते. त्याआधीचं दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात वह्या उलगडून बघावं लागतं. घर १९५० च्या आधीचं असेल तर आणखी एक गाठ असते. पुणे महापालिका १५ फेब्रुवारी १९५० ला झाली. त्याआधी शहराची एक आणि उपनगरांची एक अशा दोन नगरपालिका होत्या. त्यामुळे जुन्या मंजूर नकाशावर आज नसलेल्या नगरपालिकेचा शिक्का दिसला तर दचकू नका. नकाशा मिळतच नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. ‘सापडत नाही’ असं लेखी उत्तर आलं तरी बँकेपुढे ते कामाला येतं.

जागा मूळच्या गृहनिर्माण सोसायटीची असेल तर ती मालकीची नसून लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याची असू शकते. तेव्हा सोसायटीचा ना हरकत दाखला, हस्तांतर शुल्क आणि पट्ट्याची उरलेली वर्षं, तिन्ही विचारा. प्लॉट १,००० चौरस मीटरहून मोठा असेल तर वकिलाला नागरी कमाल जमीन धारणा कायद्याचं विचारा. तो कायदा महाराष्ट्राने २००७ साली मागे घेतला, पण कलम २० खाली दिलेल्या सुटींच्या अटी काही कार्डांवर अजून दिसतात.

महापालिकेतून झोन दाखला आणि विकास आराखड्याचा अभिप्राय काढा. आरक्षण आहे का, रस्तारुंदी किती आत येते, वारसा यादीत घर आहे का, ते यातून कळतं. जंगली महाराज रस्त्याच्या बाजूला शोधत असाल तर पाताळेश्वराचं अंतर बघा. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरांत नवं बांधकाम होत नाही आणि दुरुस्तीलाही परवानगी लागते. पुढच्या २०० मीटरांतही बांधकामावर नियंत्रण असतं.

शेवटी दोन मराठी दैनिकांत जाहीर नोटीस द्या. विक्रेते नाक मुरडतील, “लोक काय म्हणतील?” तरी द्या. खप जास्त असलेलं पुण्याचं दैनिक एक, आणि सोलापूरच्या ताईंकडे जे येतं ते एक.

४. मागच्या खोलीत कोण राहतं?

आउटहाउस, गॅरेज, जिन्याखालची खोली. “तो आमचा माळी, तीस वर्षं आहे, घरच्यासारखाच.” असं ऐकलं की कान टवकारा. जुन्या भाडेकरूला १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण असतं आणि घर विकलं म्हणून त्याचं भाडेपण संपत नाही, मालक म्हणून तुम्ही त्याच्यासमोर येता. भाड्याच्या पावत्या, वेगळा वीजमीटर, त्या पत्त्यावरचं रेशनकार्ड असं काही आहे का ते विचारा. खोली मोकळी करून देण्याची जबाबदारी साठेखतात (खरेदीखताआधीच्या विक्रीच्या करारात) विक्रेत्यावर लिहून घ्या आणि रक्कम त्याच्याशी बांधा. पण त्या माणसाशी माणुसकीने बोलणंही गरजेचं आहे. त्याची सोय काय लागतेय हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे, कारण तुम्ही त्याच गल्लीत राहणार आहात.

५. आता घर पाहा, जमलं तर जुलैत

विक्रेत्यांना घर मार्चमध्ये दाखवायला आवडतं. आंब्याला मोहोर असतो आणि भिंती कोरड्या असतात. तुम्ही जुलैत जा, सलग तीन दिवस पाऊस झाल्यावर. ते शक्य नसेल तर पावसाच्या खुणा वाचायला शिका.

छपरापासून सुरुवात करा. मंगलोरी कौलं असतील तर माळ्यावर चढा, खालून टॉर्च मारून भागत नाही. माळ्यावर दिवा बंद करून क्षणभर उभं राहा. जिथून उजेडाचे ठिपके दिसतात तिथून पाणी येतं. ते फार मोठं नसतं, कौलं बदलता येतात, जुनी कौलंही बाजारात मिळतात. मोठं दुखणं लाकडात असतं. वासे आणि तुळया मधे सहसा ठणठणीत असतात, त्या काळचं बर्मा सागवान सहज हार मानत नाही. कुजतात ती भिंतीत गेलेली टोकं, कारण भिंतीची ओल तिथे मुरते. तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबा. लाकडात ते अडलं तर ठीक. पावात सुरी जावी तसं आत गेलं, तर ती तुळई बदलण्याचा खर्च धरा. हातोडीच्या दांड्याने ठोकूनही कळतं, धडधाकट लाकूड टणकारतं, वाळवीने पोखरलेलं बद्द वाजतं. रीपांच्या खाली बारीक भुसा किंवा भिंतीवरून चढलेली मातीची नळी दिसली तर वाळवी जिवंत आहे असं समजा.

स्लॅब असेल तर प्रश्न वेगळे. चाळीस-पन्नासच्या दशकातलं आरसीसी आता सत्तर-ऐंशी वर्षांचं झालंय. काँक्रीटमध्ये हळूहळू हवा मुरते, आतल्या सळईचं संरक्षण जातं, सळई गंजून फुगते आणि खालचा थर ढलप्यांनी सुटतो. छज्जे, बाल्कनी आणि मोरीखालची स्लॅब आधी जाते. नुकताच रंग दिलेला असेल तर छत नीट निरखा, नव्या रंगाखाली सरळ रेषेत उमटलेली तडा म्हणजे आत सळई गंजतेय. काही घरांत लोखंडी गर्डरवर दगडी लाद्या टाकलेल्या असतात. तिथे गर्डरची भिंतीतली टोकं पाहा, लाकडासारखीच.

भिंतींचं सांगतो, कारण इथे लोक चांगल्या घराची वाट लावतात. जुन्या भिंती विटा आणि चुन्याच्या, १४ ते १८ इंच जाड. चुना ओल घेतो आणि सोडतो, भिंत श्वास घेत राहते. कोणी तरी मधे ‘पक्कं काम’ म्हणून वर सिमेंटचा गिलावा मारतो. मग ओल आत कोंडते, वर चढते आणि जमिनीपासून तीन-चार फुटांवर मिठाचा पांढरा पट्टा उमटतो. असा पट्टा दिसला की ‘वॉटरप्रूफिंग’वाल्याला बोलावण्याआधी चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधा. सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा दिला, अंगणाचा उतार घरापासून लांब केला आणि पागोळ्यांचं पाणी पन्हळीत घेतलं, तर बऱ्याच घरांचं तेवढ्यावर भागतं.

तडांना घाबरू नका, त्यांची दिशा पाहा. खिडकीच्या कोपऱ्यातून वर जाणारी केसासारखी तडा जुनी असते. जोत्यापासून तिरकी चढणारी, खाली अरुंद आणि वर रुंद होत जाणारी, ज्यात नाणं शिरतं अशी तडा असेल तर पाया खचलाय का ते तपासायला हवं. जवळ उंबर किंवा पिंपळाचं मूळ भिंतीत शिरलंय का तेही बघा.

वायरिंग आणि नळ पाहण्यात फार वेळ घालवू नका, दोन्ही बदलायचेच आहेत असं धरून चाला. लाकडी पट्टीवरची वायर, अर्थिंग नसलेले प्लग, आतून गंजाने अर्धे बुजलेले लोखंडी पाइप. संडासाचं पाणी महापालिकेच्या लाइनला जातं की अंगणातल्या जुन्या सेप्टिक टँकला, एवढं मात्र झाकण उघडून पाहाच.

हे सगळं पाहिल्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअर आणा. जुनं लोडबेअरिंग, म्हणजे भिंतींवर भार पेलणारं, काम केलेला हवा. काही जण फक्त नव्या इमारती जाणतात आणि सरसकट ‘पाडा’ असा शेरा देतात.

६. अंगण, झाडं, पाणी

रस्ता आणि जोतं यांची उंची बघा. वर्षानुवर्षं डांबरावर डांबर चढत गेलं आणि कित्येक बंगल्यांची अंगणं रस्त्याच्या खाली गेली. टेकडीकडून उतरणारं पाणी मग फाटकातून आत येतं. नदीच्या बाजूला शोधत असाल तर निळी आणि लाल पूररेषा महापालिकेच्या नकाशावर पाहून घ्या. घर १२ जुलै १९६१ च्या आधीचं असेल तर पानशेतच्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते शेजारच्या वयस्कर माणसाला विचारा. हात वर करून दाखवतील, बरोबर त्या खिडकीपर्यंत.

झाडं ही या घराची निम्मी मजा, पण ती घराबरोबर मिळालेली जबाबदारीही आहे. स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायला किंवा मोठी फांदी उतरवायला १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते. छपरावर आलेल्या फांद्यांसाठी अर्ज मे महिन्याच्या बराच आधी करा. आणि आंबा उतरवायची तारीख पहिल्याच वर्षी शेजाऱ्यांना सांगून टाका. कुंपणापलीकडे पडणाऱ्या आंब्यांवरून या गल्ल्यांत जितकी भांडणं होतात तितकी पार्किंगवरून होत नाहीत.

पाण्याची जोडणी कोणाच्या नावावर आहे, किती इंची आहे, पाणी किती वाजता येतं आणि जमिनीखालची टाकी गळते का, हे विचारा. विहीर असेल तर एप्रिलमधली पातळी विचारा, ऑगस्टमधली सगळेच सांगतात.

७. विसार ते खरेदीखत

कागद जुळले की विसार पावती, मग साठेखत, मग खरेदीखत. विसार लहान ठेवा आणि सगळ्या वारसांच्या खात्यांत त्यांच्या हिश्श्याप्रमाणे चेकने द्या. एका भावाच्या खात्यात सगळी रक्कम टाकणं टाळा. साठेखत नोंदवून घ्या. त्यावर पूर्ण मुद्रांक भरलं असेल तर खरेदीखताला पुन्हा नाममात्रच लागतं. साठेखतात ताब्याची तारीख, घराबरोबर मिळणाऱ्या वस्तू (झोपाळा, दारं, विहिरीचा पंप, सगळं नावानिशी लिहा) आणि आधी सुचवलेल्या अटी घाला. देवघर ते बहुधा बरोबर नेतात, ते मागू नये.

कराचं एक प्रकरण खरेदीदाराच्या गळ्यात येतं. व्यवहार ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर १ टक्का टीडीएस कापून तुम्ही भरायचा. चार भावंडांचा हिस्सा वेगवेगळा असला तरी एकूण रक्कम धरली जाते, आणि प्रत्येकाच्या पॅनवर वेगळा भरावा लागतो. विक्रेत्यांत एक जण अनिवासी भारतीय असेल तर त्याच्या हिश्श्याला हा १ टक्का आणि ५० लाखांची मर्यादा दोन्ही लागू नाहीत. तिथे दर बराच चढा असतो आणि कापला नाही तर आयकर खातं तुमच्याकडे येतं. त्या भावाने कमी दराचा दाखला आयकर खात्याकडून आधी काढावा. त्याला वेळ लागतो, म्हणून साठेखताच्या वेळीच सीएला कामाला लावा.

“थोडी रक्कम रोखीत” असा प्रस्ताव आला तर सरळ नाही म्हणा. इतके वारस असलेल्या व्यवहारात रोख कोणाला किती मिळाली यावरूनच पुढे दावे होतात.

नोंदणीच्या दिवशी सगळ्यांची ओळखपत्रं, दोन साक्षीदार आणि वयस्कर विक्रेत्यांसाठी पाण्याची बाटली. अंगठा मशीनवर उमटत नाही म्हणून सत्तरीच्या पुढच्या माणसांना बराच वेळ बसावं लागतं. घराबाहेर पडता येत नसेल अशा आजींसाठी निबंधकाला घरी बोलावता येतं, त्याचा अर्ज आणि फी वेगळी.

८. किल्ली मिळाल्यावर

पहिल्या महिन्यात मिळकत पत्रिकेवर फेरफार, मिळकतकरावर नाव, महावितरणचा मीटर आणि पाण्याची जोडणी ही चार कामं उरका. स्वतः राहणार असाल तर मिळकतकरात ४० टक्के सवलतीसाठी पीटी-३ अर्ज भरा. करार करण्याआधीच थकबाकी नसल्याचा दाखला घेतलेला असावा, कारण थकलेला कर घरावर राहतो आणि घर आता तुमचं आहे.

दुरुस्तीचा क्रम छप्पर, पाण्याचा निचरा, वायरिंग, नळ, मग गिलावा, आणि रंग सगळ्यात शेवटी. कौलं, गिलावा, फरशी, रंग अशा डागडुजीला सहसा परवानगी लागत नाही. भिंत काढणं, मजला चढवणं, पोर्च वाढवणं याला लागते. पहिला पावसाळा घरात राहून काढा आणि मगच आतली मोठी कामं ठरवा. कोणत्या खोलीत ऊन येतं, कोणत्या भिंतीला ओल येते, हे कळायला वर्ष जातं. मोझॅकची फरशी काढून व्हिट्रिफाइड टाइल बसवायचा सल्ला इंटिरिअरवाला पहिल्याच भेटीत देईल. आधी फरशीला पॉलिश करून घ्या, बऱ्याचदा नवी फरशी डोक्यातूनच जाते.

शेजारचा बंगला बिल्डरने घेतलेला असेल, आणि या भागात तो आज ना उद्या घेतलेला असतोच, तर तळघराचं खणकाम सुरू होण्याआधी तुमच्या घराच्या प्रत्येक भिंतीचे, आधीच्या सगळ्या तडांचे आणि विहिरीच्या पातळीचे तारखेसह फोटो काढा. इंजिनिअरकडून त्याच स्थितीचा एक पानी अहवाल घ्या, तो फोटोंसोबत बिल्डरला आणि महापालिकेच्या बांधकाम विभागाला लेखी द्या आणि दोन्हीकडून पोच घ्या.